पानातला हात

बन्सीधरच्या फोटोच्या दुकानावर दोन पाट्या होत्या. वरची उर्दूत, कारण संस्थानाचा सरकारी दस्तूर तसा होता, खालची मराठीत. खालच्या पाटीवर त्यानं स्वतः ब्रश घेऊन एक ओळ जास्तीची रंगवली होती : ‘येथे जुन्या काचा जतन केल्या जातात.’

तेव्हा फोटो काचेवर उतरायचा. काचेवर सगळं उलटं दिसायचं. केस पांढरे, दात काळे. पण ती काच शाबूत असली की तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या तसबिरी निघायच्या. परभणीच्या स्टेशन रस्त्यावर बन्सीधरच्या आधी एकजण दुकान टाकून गेला होता. तो काम झालं की काचा गरम पाण्यात धुऊन खिडक्या करणाऱ्याला विकायचा. लोकांचे बाप, आज्या कुणाकुणाच्या खिडकीत जाऊन बसले. बन्सीधरनं तसं कधी केलं नाही. सागवानी पेट्यांत खाचा पाडून त्यानं एकेक काच उभी लावून ठेवली होती आणि कोपऱ्यावर नाव लिहिलं होतं.

पण गावात त्याचं नाव झालं ते काचांमुळे नव्हे, खिडक्यांमुळे. खिडक्या हा त्याचाच शब्द. काचा ज्या काळ्या कागदात गुंडाळून यायच्या, त्या कागदाला तो बारीक कात्रीनं आकार कापायचा : पान, बदाम, चंद्रकोर, चांदणी, उमललेलं कमळ. तो कागद काचेवर ठेवून छाप घेतला की माणूस त्या आकारात बसून बाहेर यायचा. नवरा-बायको पानात. तरणी पोरं चंद्रकोरीवर. कचेरीतले अंमलदार मिनारांच्या कमानीत. एकाच माणसाला दोनदा उतरवून तो स्वतःशीच पत्ते खेळतो आहे असंही बन्सीधर करून दाखवायचा. पेडगावच्या लिंबाजीनं तर बायकोला बाहेर ओट्यावर बसवून ठेवलं आणि बैलजोडी बदामात बसवून घेतली.

‘‘मला कशाला आणलं मग?’’ बायको दारातून म्हणाली.

‘‘बैल धरायला,’’ लिंबाजी म्हणाला.

ही गोष्ट बन्सीधर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा. हसून माणूस सैल झाला की चेहरा चांगला येतो.

जगातली मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं. लग्नसराईचे दिवस होते. दुपारी दोन बायका दुकानात आल्या. एक तिशीच्या आतबाहेरची, अंगानं भरलेली, गळ्यात मंगळसूत्राच्या खाली चांदीचा टाक. दुसरी सोळा-सतराची, उंच, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

‘‘ओळखलं का बन्सीभाऊ?’’ मोठी म्हणाली. ‘‘मी प्रभावती. कचेरीतले अनंतराव कारकून, त्यांच्या घरची. आन् ही गोदू. हिचं लगीन ठरलंय, पाथरीला.’’

‘‘या की वहिनी. लय दिवसांनी. लग्नाचा फोटो ना? पानातच बसवू.’’

‘‘तो तर काढायचाच हाय. पण आज दुसरंच काम हाय.’’ प्रभावतीनं गोदूकडं पाहिलं, मग आवाज जरा उतरवला. ‘‘हिची आई. अनसूयाबाई. हिला पोटाशी घेऊन दोन वर्षं सुद्धा जगली न्हाई. तिचा एकच फोटो निघाला होता जल्मात, तुमीच काढलेला, ह्यांच्यासंगं. ती गेली तवाच ती तसबीर गंगाखेडला अस्थींबरोबर गंगेत सोडली म्हणे सासूबाईनं. पोरीला आईचं तोंड ठाऊक न्हाई. आता परक्या घरी जायलीय. लग्नात आईच्या तसबिरीला हिच्या हातानं हळदकुंकू लागावं आन् मग ती तसबीर हिच्याबरोबर जावी असं माझ्या मनात हाय. हे म्हणले, काच बन्सीधरकडं असंल, तो काय टाकीत न्हाई.’’

बन्सीधरनं गल्ल्यावरचं फडकं उचललं आणि जिथं धूळ नव्हती तिथं पुसलं.

‘‘पाटीवरच लिहिलंय की,’’ गोदू म्हणाली. येताना वाचलं होतं तिनं.

‘‘हो, लिहिलंय,’’ बन्सीधर म्हणाला. ‘‘लय जुनी काच हाय. शोधावी लागंल. आठ दिवसांनी या.’’

गोदू लगेच निघाली नाही. ‘‘काका, तुमी तर बघितलंय तिला. कशी होती?’’

‘‘चांगली होती,’’ बन्सीधर म्हणाला. ‘‘लय चांगली होती.’’

एवढ्यावर ती पोर खूश झाली.

त्या गेल्यावर बन्सीधरला काही शोधावं लागलं नाही. दुसऱ्या पेटीत, डावीकडून चौथी, ‘अनंतराव कारकून, सपत्नीक’. त्यानं काच काढली आणि दारातल्या उजेडात धरली.

अनंतराव खुर्चीत बसलेला होता. सरावलेल्या नजरेला उलटंही सरळ दिसायचं : गडद शेरवानी, काळी टोपी, मिशा नुकत्याच फुटलेल्या. त्याच्या बाजूला उभी होती ती प्रभावती. अनसूया नव्हती. ती त्या काचेवर नव्हती आणि दुसऱ्या कुठल्याही काचेवर नव्हती, हे बन्सीधरइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिला त्यानंच तिथून काढलं होतं.

अनसूया गेली आणि वर्षाच्या आत अनंतरावाचं दुसरं लग्न झालं. त्या मोसमात एका दुपारी तो दुकानात आला होता. म्हणाला, ‘‘बन्सी, हिचा फोटो घे. माझा मागचा लय चांगला आलाय. तेव्हा अंगानं बारीक होतो. आता पुन्हा कशाला बसू? तिच्या जागी हिला बसव आन् पानात घाल.’’

यात नवल काहीच नव्हतं. असली कामं यायची. करायची रीतही सोपी होती. काळ्या कागदाची अर्धी खिडकी ठेवून एका काचेवरून नवरा छापायचा, मग उरलेली अर्धी ठेवून दुसऱ्या काचेवरून बायको. दोन्ही काचा जशाच्या तशा राहतात. फक्त मध्ये केसासारखी एक रेघ दिसते. जोड कुठं आहे ते जाणत्याला कळतं.

त्या रेघेचं बन्सीधरला वावडं होतं. नांदेडच्या एका फोटोवाल्यानं चार लोकांत त्याला हिणवलं होतं, ‘‘तुझ्या पानाला शीर लय मोठी असते रे.’’ ते त्याच्या डोक्यात होतं. म्हणून अनंतराव नुसतं ‘बसव’ म्हणाला तरी बन्सीधर आपण होऊन म्हणाला, ‘‘असं बसवतो मालक, की तिथं आधी कुणी होतं ह्याची खूण सुद्धा राहणार न्हाई.’’

अनंतराव म्हणाला, ‘‘बघ बुवा. तुझं काम तुला ठाऊक.’’

मग बन्सीधरनं जुनी काच ओली केली आणि बारीक सुरीनं अनसूयेला खरवडलं. आधी पदर, मग खांदा, मग मान. चेहरा शेवटी. नाकाच्या टोकाशी काचेवरचा चित्राचा पापुद्रा चिवट होता, तिथं पातं बदलावं लागलं. काच स्वच्छ झाल्यावर त्या मोकळ्या जागी त्यानं नव्या काचेवरून सोललेला प्रभावतीचा पापुद्रा अलगद बसवला. रेघ दिसत नव्हती. त्यानं ती काच भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिली आणि त्या दिवशी संध्याकाळी तो फार आनंदात घरी गेला. ही गोष्ट त्याला आता नको इतकी स्वच्छ आठवत होती.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. पहिल्या फोटोच्या वेळी त्यानं अनसूयेला खुर्चीच्या पाठीला धरून उभं केलं होतं. तिची बोटं पाठीवरून पुढं घसरून नवऱ्याच्या शेरवानीच्या खांद्यावर आली होती. ती खरवडली असती तर शेरवानीही गेली असती. पानाच्या खिडकीत माणसं छातीपर्यंतच दिसतात; प्रभावतीचे स्वतःचे हात त्यात येतच नव्हते. मग खांद्यावरचा हात तिचाच म्हणून चालून जाणार होता. बन्सीधरनं तो ठेवला. छापात बोटावर काही पांढरं दिसत होतं, ते काचेवर पेन्सिलीनं घोटून त्याची अंगठी केली आणि विषय संपवला.

आता ती काच हातात घेऊन तो अनसूयेचा चेहरा आठवू लागला.

दुकान होतं, कागद होता, पेन्सिल होती. फोटोच्या आधी तो पाट्या रंगवायचा, हात चांगला होता. गोदूचे डोळे त्यानं पाहिलेच होते, त्यावरून आईचे काढता येतील असं त्याला वाटलं. त्यानं काढलं. चेहरा बरा झाला. पण तो कुणाचाही झाला. कॅलेंडरावरच्या लक्ष्मीसारखा. पुसून पुन्हा काढला, तर प्रभावतीसारखा झाला. मग त्याच्या ध्यानात आलं की त्यानं अनसूयेला समोर अशी घडीभरच पाहिली होती, आणि तीही काळ्या कापडाखालून, डोकं खाली पाय वर. त्यानंतर जी पाहिली ती काचेवर : काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची, पांढऱ्या बाहुल्यांची. खरवडताना तो तासन्‌तास तिच्याकडे बघत होता, आणि तेवढा एकच चेहरा त्याला आठवत होता. तो कागदावर उतरवून पोरीला काय देणार?

चार दिवस त्यानं हे केलं. पाचव्या दिवशी त्याला दुसरा विचार सुचला, आणि तो इतका सोयीचा होता की आधी कसा सुचला नाही याचंच त्याला आश्चर्य वाटलं.

ज्यांच्या तसबिरी कुणी नेल्याच नाहीत अशा काचा पेट्यांमध्ये पुष्कळ होत्या. लोक फोटो काढून जात आणि पुन्हा येत नसत. त्यांत एक बाई होती. नाव नव्हतं, नुसतं गाव, ‘झरी’, लिहिलं होतं. वय तेच. कपाळ रुंद, डोळे मोठे. धुक्याची खिडकी लावली, म्हणजे कागदाच्या कडा दातेरी करून छापताना हलवत राहिलं, की भोवती सगळं विरत जातं आणि मध्ये चेहरा तेवढा उरतो. गेलेल्या माणसांना तो हीच खिडकी लावायचा. अनसूयेची सासू वारली होती. प्रभावतीनं अनसूयेला पाहिलेलं नव्हतं. राहिला अनंतराव, त्याला आताशा चष्म्याशिवाय फाइल वाचता येत नव्हती, आणि ज्यानं ‘तिच्या जागी हिला बसव’ म्हटलं तो दोन धुरकट डोळ्यांवरून काय हरकत घेणार? पोरगी तर आयुष्यभर त्या तसबिरीला हळदकुंकू वाहील. समाधान होईल तिचं. कुणाचं काय जातं?

बन्सीधरनं ती तसबीर अंगणातल्या उन्हात छापली. धुतली, वाळवली, पुठ्ठ्यावर चिकटवली. सुरेख आली होती. पाकिटात घालून त्यानं ती गल्ल्यावर ठेवली.

ठरल्या दिवशी त्या आल्या. प्रभावतीच्या हातात धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी चौकोनी होतं.

‘‘सापडली का हो?’’ गोदूनं दारातूनच विचारलं.

‘‘बसा तर खरं,’’ बन्सीधर म्हणाला. पाकिटावर त्याचा हात होता.

‘‘हे बघा, ही पण आणलीय,’’ प्रभावती म्हणाली. ‘‘भिंतीवरची. म्हणलं काच ओळखायला उपयोगी पडंल. आन् हिची वरची काच पण बदलून द्या. पुसून पुसून जायना झालीय.’’

तिनं फडकं सोडलं. पानाच्या खिडकीतले अनंतराव आणि प्रभावती. त्याच्याच हातचं काम. मात्र चौकटीच्या काचेवर, बरोबर खांद्यावरच्या त्या हातापाशी, कुंकवाचा डाग होता. एका दिवसाचा नव्हे. वर्षानुवर्षं बोट टेकून टेकून काचेत मुरलेला, मधोमध जवळजवळ काळा पडलेला.

‘‘हे काय?’’ बन्सीधरनं विचारलं.

गोदू हसायला लागली. ‘‘आईला विचारा की! रोज सकाळी देवाचं झालं की तसबिरीला कुंकू लावती. नवऱ्याला न्हाई, स्वतःच्या तोंडाला न्हाई. स्वतःच्याच हाताला! आमच्या आळीत बायका म्हणतात, प्रभावतीला हाताचा लय गर्व. लहानपणी मी मागं लागायची, ती अंगठी दाखव म्हणून. म्हणायची, हरवली. कधी म्हणायची, सोनाराकडं हाय.’’

‘‘गप गं,’’ प्रभावती म्हणाली. पण ती हसली नाही. बन्सीधरकडे सरळ पाहत म्हणाली, ‘‘बन्सीभाऊ, तो हात माझा न्हाई. तुमाला तर ठाऊक असंल.’’

गोदूचं हसू तोंडावरच राहिलं.

‘‘मला तुमी उभं केलं, तवा म्हणले, दोनी हात पुढं बांधा. मी बांधले. पंधराची होते, भ्याले होते, पण तेवढं ध्यानात हाय. तसबीर घरी आली तर ह्यांच्या खांद्यावर हात! खुर्ची सुद्धा नव्हती तिथं मी उभी होते तवा. म्हणलं हा कुणाचा? मग माझं मीच समजले.’’ तिनं गळ्यातला चांदीचा टाक चिमटीत धरला. दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा, तशी रीत होती. ‘‘हा सोनारानं केला. डोळे-नाक काय, ठोकून ठोकून समद्या बायांचे सारखेच. ह्याच्या पाया पडायचे, पण मन लागायचं न्हाई. तो हात तेवढा खरा तिचा होता. म्हणून त्याला लावायची. पोरीला सांगितलं न्हाई, कारण नुसता हात दाखवून काय सांगू? म्हणलं, लग्नाच्या टायमाला पुरी आईच दाखवू. तुमच्याकडं काच हायच.’’

बाहेर टांगेवाला घोड्याला शिव्या देत होता.

बन्सीधरनं गल्ल्यावरचं पाकीट उचललं. एवढंच करायचं होतं : ते पुढं करायचं. त्यानं ते उलटं धरलं, खण उघडला, आत ठेवलं आणि खण लावला.

‘‘काच हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पण ती त्यात न्हाई.’’

त्यानं पेटीतली काच आणून त्यांच्यापुढं धरली. मग त्यानं काय केलं आणि कागद ठेवूनही ते कसं झालं असतं, हे सांगितलं. लांबण लावली नाही. अनंतराव काय म्हणाले तेही सांगितलं, आणि त्यांनी खरवडायला सांगितलं नव्हतं, तेही.

गोदूनं काच हातात घेतली नाही. वाकून पाहिली.

‘‘कशानं?’’ तिनं विचारलं.

‘‘सुरीनं.’’

‘‘तोंड पण?’’

‘‘हो.’’

‘‘किती वेळ लागला?’’

बन्सीधरला खोटं सुचलं नाही. ‘‘एक दुपार.’’

गोदूनं मान हलवली, जणू हिशेब बरोबर आला. प्रभावती तिचा दंड धरायला गेली, तर तिनं हळूच सोडवून घेतला.

‘‘मग कागद ठेवून का न्हाई केलं?’’ प्रभावती म्हणाली. ‘‘तुमीच सांगायलात की कागद ठेवून होतं म्हणून.’’

‘‘मधी रेघ दिसती, वहिनी.’’

‘‘दिसली असती तर काय झालं असतं हो?’’ प्रभावतीचा आवाज चढला नव्हता. उलट तिला खरंच समजून घ्यायचं होतं. ‘‘आमच्या घरात समद्यांला ठाऊक होतंच की मी दुसरी हाय. रेघ कुणाला लपवायची होती?’’

याचं उत्तर नांदेडच्या फोटोवाल्याचं नाव सांगून देता आलं असतं. बन्सीधरनं दिलं नाही.

गोदू उठली नव्हती. ती चौकटीतल्या हाताकडे बघत होती. एवढी वर्षं भिंतीवर असलेला, रोज दिसलेला हात.

‘‘अंगठी तरी तिची हाय का?’’

‘‘अंगठी न्हाईच ती,’’ बन्सीधर म्हणाला, आणि हे बोलताना त्याला एकदम काहीतरी आठवलं, जे चार दिवस चेहरा शोधताना एकदाही आठवलं नव्हतं. ‘‘ती चिंधी हाय. त्या दिवशी विळीवर बोट कापलं होतं तिचं. मी म्हणलो, बाई, चिंधी सोडा, फोटोत वाईट दिसती. तर म्हणाली...’’ तो थांबला. आवाज बाईचा कसा होता ते त्याला ऐकू येत नव्हतं, पण शब्द सगळे होते. ‘‘म्हणाली, ‘नको, रक्त येईल. त्यांच्या शेरवानीला लागंल.’ मी पुन्हा म्हणलो, तर म्हणाली, ‘मग हातच नका काढू.’ आन् हसली.’’

‘‘हसली?’’

‘‘हसली. ते हसू फोटोत आलं न्हाई. मी म्हणलो, हलू नका.’’

गोदूनं तोंड फिरवलं. दाराकडे वळून ती रस्त्याकडे पाहत राहिली. प्रभावती टाक चिमटीत धरून बसली होती.

‘‘पेन्सिल निघती,’’ बन्सीधर म्हणाला. ‘‘खरवडलेलं परत येत न्हाई. पण पेन्सिल वरची असती.’’

त्यानं टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि त्या बोटावरून हलका हलका फिरवला. घोटून केलेली अंगठी बोळ्यावर काळी उतरली. मग त्यानं कागद घेतला, काळा, आणि कात्री. खिडक्यांचा सगळा गठ्ठा समोर होता : पान, बदाम, कमळ, चांदणी. त्यांतली कुठलीही एका हाताला बसत नव्हती. त्यानं साधा चौकोन कापला. उन्हाला धरून छाप घेतला, पाण्यातून काढला आणि ओलाच त्यांच्यापुढं ठेवला.

शेरवानीचा काळा खांदा, त्यावर चार बोटं. मधल्या बोटाला चिंधी, घाईनं बांधलेली, एक टोक उभं राहिलेलं. दुसरं काही नाही.

गोदू वाकली. तिनं त्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘गाठ एकाच हातानं मारलेली हाय. दातानं वढून.’’

‘‘तू पण तशीच मारतीस,’’ प्रभावती म्हणाली.

‘‘समद्या बाया तशीच मारतात, आई.’’

वाळल्यावर तसबीर घेऊन त्या गेल्या. बन्सीधरनं चौकटीची काच बदलून देतो म्हटलं, तर प्रभावती म्हणाली, राहू द्या. डाग पडलेली तीच काच परत फडक्यात बांधून घेतली. त्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर त्यानं खण उघडला, पाकिटातली झरीची बाई बाहेर काढली. ती धुक्यातून त्याच्याकडे पाहत होती. खरोखर सुरेख आली होती. त्यानं ती फाडली नाही. तिचा त्यात काही दोष नव्हता. तिची तसबीर तिच्या काचेशेजारी ठेवून दिली, कुणी आलं तर असावी म्हणून.

लग्न झालं. लग्नात अनसूयेच्या नावानं काय मांडलं, कुणी काय म्हटलं, हे बन्सीधरच्या कानावर आलं नाही. त्याला बोलावणं होतं. तो गेला नाही. पाथरीला जायच्या आदल्या दिवशी नवरानवरी फोटोला आली. बरोबर अनंतराव होता, गळ्यात उपरणं, घामाघूम. बन्सीधरला म्हणाला, ‘‘पानातच घाल. माझ्यासारखा झकास येऊ दे जावयाचा.’’ त्याला काही ठाऊक होतं की नव्हतं, त्याच्या तोंडावरून कळलं नाही. प्रभावती मागं भिंतीला टेकून उभी होती.

बन्सीधरनं जावयाला खुर्चीत बसवलं. नेहमीसारखी लिंबाजीच्या बैलांची गोष्ट सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. गोदूला कुठं उभं करायचं, हात कुठं ठेवायला सांगायचा, हे त्याला सुचेना. त्यानं काहीच सांगितलं नाही. ती आपण होऊन खुर्चीच्या बाजूला गेली, पाठीला धरलं आणि बोटं नवऱ्याच्या खांद्यावर येऊ दिली.

‘‘अगं, लोक काय म्हणतील,’’ अनंतराव म्हणाला.

‘‘काय म्हणतील?’’ गोदू म्हणाली. अनंतराव उपरण्यानं घाम पुसू लागला.

बन्सीधर काळ्या कापडाखाली गेला. आत ती उलटी दिसत होती, डोकं खाली, हात वर. ‘हलू नका’ म्हणायची वेळ आली तेव्हा तो थोडा थांबला. मग म्हणाला, ‘‘हसायचं असंल तर हसा. मी थांबतो.’’

ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीच्या आधी, गोदू एकटीच दुकानात आली. तसबिरी तयार होत्या, पानातल्या. हात दिसावा म्हणून त्यानं पान खालून रुंद कापलं होतं. तिनं त्या पाहिल्या, बऱ्या आहेत म्हणाली, पिशवीत टाकल्या.

‘‘आता आमची काच द्या,’’ ती म्हणाली.

‘‘काच इथंच राहती, बाळ. पुढं कधी लागली तर...’’

‘‘इथं न्हाई ठेवायची.’’

बन्सीधरनं पेटी उघडली. ताज्या काचेच्या कोपऱ्यावर त्यानं कालच नाव लिहिलं होतं. ते नाव बोटानं पुसलं, काच काळ्या कागदात गुंडाळली, वरून वर्तमानपत्र, वरून सुतळी. काच घेऊन कुणी गेल्याचं त्याला आठवत नव्हतं.

‘‘उभी धरा,’’ तो म्हणाला. ‘‘आडवी ठेवली तर गाडीच्या हादऱ्यानं तडकती.’’

तिनं ती छातीशी उभी धरली आणि दुसऱ्या हातानं पदर त्यावरून घेतला. पायरी उतरताना तिनं पाटीकडे पाहिलं की नाही, हे त्याला आतून दिसलं नाही.

त्या उन्हाळ्यात पाटी नव्यानं रंगवायला म्हणून रंगाचा डबा दुकानात दोनदा आला, आणि दोनदा शेजारच्या दुकानदाराच्या दाराला लागून संपला. खालची ओळ पाटीवर होती तशीच राहिली. नवा रंग चढवायचा तर आधी जुनी ओळ सुरीनं खरवडावी लागते हे बन्सीधरला चांगलं ठाऊक होतं, आणि तीच सुरी आता त्याच्यानं हातात धरवत नव्हती.